ना उभ्यांची, ना बसलेल्यांची

फणस मी फोडला आणि गरे हलिमाने काढले. आम्हा नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम ते. मागच्या अंगणात गोणपाट पसरलं होतं, कोयता माझ्याकडे, परात तिच्याकडे. ती नेहमीसारखी करवादली, "तेल लावलाव का हाताला? नाहीतर मग चीक धुवत बसाल नि साबण संपवाल." मी लावलं नव्हतं. तिने वाटी माझ्याकडे सरकवली. फणस कापा निघाला तेव्हा खूश झाली, कारण बरका निघेल असं मी पैजेवर म्हणालो होतो. अर्धा फणस झाला आणि म्हणाली, जरा पाठ टेकते, उरलेला मग काढू. मी कोयता पुसला, हात धुतले, आत गेलो... ती गेलेली होती. उभा जन्म बोटीवर काढला आहे, मेलेलं माणूस मला कळतं. डॉक्टरला बोलावलं ते लोकांसाठी.

त्याला आता महिना उलटून गेला. आमच्या शाळेतले जुने गुरुजी म्हणाले, लिहून द्या, पुरवणीत छापतील. मी चौथीपर्यंत शिकलेला. गोड लिहायला मला येत नाही, आणि गोड लिहावं असं यात काही घडलेलंही नाही. माणसांची नावं बदलून लिहितो, पण गावात वाचणाऱ्याला कळेलच. कळूदे.

आमचं गाव खाडीकाठचं, नाटे बंदरापासून होडीने जवळ आणि रस्त्याने लांब. मोहल्ला एक, मशीद एक, कबरस्तान एक. हलिमा लग्न होऊन आली ती बापाकडून अख्खं कुराण वाचायला शिकून आली होती. तेव्हा गावातल्या बायकांत असं कोणी नव्हतं. मी बोटीवर खलाशी, वर्षातला बहुतेक काळ बाहेर. मूल आम्हाला झालं नाही. मग तिने शेजाऱ्यांची पोरं पडवीत बसवली... पहाटेची फजरची नमाज झाली की शाळेची घंटा होईस्तोवर. पोरं येताना झावळीचा हीर घेऊन यायची, त्याने अक्षर दाखवायचं, आणि चुकलं की तोच हीर पोटरीवर. पैसे तिने कधी घेतले नाहीत. कोणी बोंबील आणायचं, कोणी अंडी. एकीच्या आईने एकदा कोंबडा पाठवला, तो इतका म्हातारा होता की हलिमाने कापूच दिला नाही. म्हणाली, हा माझ्याआधी शिकलेला दिसतोय. मी सुट्टीवर आलो की सकाळची झोप म्हणून नाही. पडवीभर पोरं एका सुरात ओरडायची, मी आतून ओरडायचो, आणि ती बाहेरून सांगायची, "झोपायचं असेल तर बोटीवर जावा."

सगळा मोहल्ला तिला बाय म्हणायचा. उस्मान आणि इब्राहीम हे दोघे सख्खे भाऊ, पुढच्या आळीतले, तेही तिच्याकडेच शिकले. उस्मान हुशार, इब्राहीम रडका. इब्राहीमला ती मांडीवर घेऊन बाकीच्यांना शिकवायची. मोठे झाल्यावर दोघे आखातात गेले, पैसा आला, माड्या चढल्या. ऐंशी साल उलटलं आणि दोघांनी मनावर घेऊन मशिदीमागे मदरसा बांधला. चांगलं काम केलं, ते मी नाही म्हणत नाही. पण इमारतीवर स्लॅब पडेपर्यंत गाव दुभंगलं होतं.

भांडण कशावरून ते सांगतो, बाहेरच्या माणसाला हसू येईल. आमच्यात पैगंबरसाहेबांवर सलाम म्हणतात. काही जण तो उभं राहून म्हणतात, अदब म्हणून. काही म्हणतात, उभं राहायची गरज नाही, बसूनही पोचतो. माझ्या लहानपणी ज्याचे गुडघे दुखायचे तो बसायचा, बाकीचे उभे राहायचे, आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही. मग मुंबईहून पुस्तकं आली, कॅसेटी आल्या, आणि बघता बघता मोहल्ल्यात उभे आणि बसलेले अशा दोन जाती झाल्या. उस्मान उभ्यांचा पुढारी, इब्राहीम बसलेल्यांचा. एका आईच्या पोटचे दोघे, पण एकाच्या घरून गेलेलं खिरीचं ताट दुसऱ्याच्या घरून झाकलेलंच परत यायला लागलं. ठरलेली सोयरीक मोडली. चहाच्या टपरीवरसुद्धा बाकडी वाटली गेली. उभ्यांचं बाकडं निराळं, आणि त्यावर ते बसत होते. हे मी एकदा बोलून दाखवलं तर कोणाला हसू आलं नाही.

अशात मदरशात मुलींसाठी बाई नेमायची ठरलं. गावात ज्याने त्याने धरूनच ठेवलं की बायच येणार. पगाराचं हलिमाला काही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की पावसात भिजायला लागू नये अशी जागा मिळावी, फळा मिळावा, आणि दोन्ही भावांच्या मुली पडवीत एका चटईवर बसतात तशा तिथेही बसाव्यात. मदरशाच्या कमिटीने बोलावलं तेव्हा तिने पेटीतली हिरवी साडी काढली. मी सोबत गेलो आणि बाहेर पायरीवर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

उस्मान म्हणाला, "बाय, तुझ्या शिकवण्याबद्दल कोणाला शंका नाही. एकच विचारायचंय. सलामाला तू उभी राहतेस की बसतेस?"

"बाजूची बाई उभी असली तर उभी राहते. ती बसली असली तर बसते."

"तसं चालायचं नाही. एक काय ते सांग. मुली तुझं बघून शिकणार."

"मग हेच शिकूदेत की," हलिमा म्हणाली.

कोणीतरी आत हसलं. उस्मान हसला नाही. विचार करून कळवतो म्हणाला. तिने वर्षानुवर्षं शिकवलेली माणसं त्या खोलीत होती, पण तिला पोचवायला दारापर्यंत एकही उठला नाही. घरी आलो. साडी घडी करून पेटीत ठेवताना म्हणाली, "मला वाटलं होतं वाचून दाखव म्हणतील. कुराणातली एक सूरा मी रोज मनात घोळवत होते... कोणी वाच म्हणालंच नाही."

दोन दिवसांनी इब्राहीम आला, खजुराचा डबा घेऊन. पडवीत जिथे रडायचा तिथेच बसला. त्यांनी तुझा अपमान केला म्हणाला, आम्ही वेगळा वर्ग काढतो, तुलाच नेमतो, तू फक्त आम्ही बसतो असं चारचौघांत म्हण. तिने त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा दिला, मग विचारलं, "आणि उस्मानच्या मुली?" तो म्हणाला, त्या त्यांच्यात जातील. "मग नको रे बाबा. एका चटईवरच्या अर्ध्या पोरी उठवायचं काम मला सांगू नको." मी आतून म्हणालो, खजूर परत घेऊन जा. हलिमा म्हणाली, राहूदेत, पोरं खातील.

शेवटी मदरसे दोन झाले. उभ्यांनी इमारत ठेवली, बसलेल्यांनी इब्राहीमच्या वखारीत वर्ग काढला. दोघांनी बाहेरून एकेक मौलवी आणला, नेमताना दोघांनाही पहिला प्रश्न तोच. ते दोघेही पोटासाठी आलेले, त्यांच्यावर माझा राग नाही. एक तर बिचारा मासळी खात नव्हता, खाडीकाठी डाळीवर दिवस काढत होता. राग आहे तो आमच्याच लोकांवर. कशातही एकमत न होणाऱ्या दोन्ही कमिट्यांचं एका गोष्टीत एकमत झालं: जी बाई आपली बाजू सांगत नाही, तिच्याकडे पोरं पाठवायची नाहीत. एकेक घर गळत गेलं. कोणी सांगायला आलं नाही, नुसती पोरं यायची थांबली. उस्मानची धाकटी आणि इब्राहीमची धाकटी, या दोघी चुलत बहिणी मागच्या दाराने काही दिवस येत राहिल्या. मग त्याही थांबल्या. मी तेव्हा बोट सोडून घरी आलेला. हलिमा एका सकाळी म्हणाली, "झोपा आता हवं तेवढं." झोप कसली येते...

माणसं म्हणतात, वय झालं होतं, हृदय थकलं होतं. असेल. पण नंतरची तीनचार वर्षं ती रस्त्याने चालताना तिच्याच हाताखालच्या बायका नजर चुकवायच्या, ते मी पाहिलं आहे. सलाम केला तर कुठल्या बाजूला धरतील याची त्यांना धास्ती. ती मात्र प्रत्येकीला नाव घेऊन हाक मारायची.

आणि ती गेली त्या दुपारी दोन्हीकडचे अंगणात हजर. बायकांनी आत तिला न्हाऊ घातलं, कफन झालं, जनाजा पडवीत आणला, आणि मग प्रश्न निघाला की नमाज कोण पढवणार. उस्मान म्हणाला, आमचे मौलवी, बाय कायम उभी राहायची, मी पाहिलंय. इब्राहीम म्हणाला, आमच्यात आली तेव्हा बसली होती, माझी आई साक्ष आहे. हयात असताना जिला कोणी घेईना, ती मेल्यावर दोघांनाही हवी झाली. उस्मानच्या मौलवीच्या मागे हे उभे राहणार नाहीत, इब्राहीमच्या मौलवीच्या मागे ते नाहीत. ऊन कलायला लागलं, मेच्या उन्हात ती तशीच पडवीत, आणि अंगणात भावाभावांचे आवाज चढलेले. माझा आवाज बोटीवर कमावलेला आहे. तो मी काढला. म्हणालो, "बायको माझी आहे. नमाज मी पढवतो. ज्याला यायचं त्याने या, नाहीतर घरी जा."

बोटीवर एक सोबती वारला होता तेव्हा मी पढवली होती, चार तकबिरी, म्हणजे चारदा अल्लाहू अकबर आणि मधल्या दुआ, मला येतात. जनाज्याची नमाज सगळी उभ्यानेच असते, तिच्यात बसणं नाहीच. तरी कोणी कोणाच्या खांद्याला खांदा लावला नाही. मागे वळून पाहिलं तर रांगेच्या मधोमध बैल जाईल एवढी जागा सोडलेली. हे कोकणात राहणाऱ्या, एका विहिरीचं पाणी पिणाऱ्या माणसांबद्दल लिहितोय मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मानचा माणूस दारात. मदरशातल्या मुलींच्या वर्गाला बायचं नाव द्यायचं ठरलंय, तेव्हा बायच्या रेहाली द्या, आठवण म्हणून मांडतो. रेहाल म्हणजे वाचताना कुराण ठेवायची लाकडी घडी. तिच्याकडे पुष्कळ होत्या, गावच्या सुताराने आंब्याच्या फळीतून करून दिलेल्या. तो गेला नाही तोच इब्राहीमचा माणूस आला. तेच मागणं, तेच नाव. दोघे गेल्यावर सगळ्या रेहाली खाली काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, मासळीच्या मोठ्या टोपलीत भरल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन निघालो. तिच्या हाताखालून गेलेली मुलगी ज्या ज्या घरात आहे, तिथे पुढच्या दाराने एकेक. काही ठिकाणी घेतली, काही ठिकाणी रडल्या. उस्मानकडे त्याच्या धाकटीने स्वतः हात पुढे करून घेतली, आत नेली. इब्राहीमकडे त्याची बायको दारात आली. तीही हलिमाचीच. तिने रेहाल हातात घेतली, कडांवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "चाचा, त्यांच्याकडे पण दिलाव?"

"दिली," मी म्हणालो.

तिने मागे घरात पाहिलं आणि रेहाल परत टोपलीत ठेवली. मी ती काढली, तिच्या दाराच्या पायरीवर ठेवली, आणि पुढच्या घरी गेलो.