पुराच्या फाईलमधली दोन पानं

ग्रंथालयात तिला सगळे खळमावशी म्हणत. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि पातळ कागदाच्या पट्ट्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फाटक्या कडा सांधायच्या, हे तिचं काम. एकतीस वर्षं. "माझ्या हातचं पान बिघडलेलं दाखवा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. कुणी दाखवलं नव्हतं.

मग नवे साहेब आले. वर्षावर्षाच्या सगळ्या फायली त्यांनी स्कॅन करून घेतल्या. शनिवारी मूळ कागद रद्दीत जाणार होता.

"मावशी, संगणकात सगळं असताना हे ओझं कशाला? अख्खी खोली अडलीय."

"सगळं आहे?"

"पानन् पान. एक कमी दाखवा, रद्दीची गाडी परत पाठवतो."

मावशीला ते पान ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिच्या हातून खळ जास्त लागली होती आणि पुराच्या वर्षीच्या फाईलमधली दोन पानं कडेला एकमेकांना चिकटली होती. कुणाला कळायच्या आत तिने फाईल फळीवर सरकवली. स्कॅन करणाऱ्यांनी ती दोन्ही एकच समजून उलटली असणार. झाकली मूठ आजवर सव्वा लाखाची होती.

शनिवारी गाडी फाटकाशी लागली, तेव्हा ती साहेबांच्या टेबलापाशी फाईल घेऊन आली.

"यातली दोन पानं चिकटलीत. आतलं स्कॅनमध्ये नाही."

"गाडी आल्यावर बरं आठवलं! कुणी चिकटवली?"

"मी."

साहेब हसायला लागले. तिच्याकडे बघून थांबले.

तिने कडेवर ओलसर टिपकागद ठेवला. वाट पाहिली. मग हाडाची पातळ पट्टी आत सरकवली, श्वास रोखून, बोटभर, आणखी बोटभर. पानं सुटली. एक अक्षर तुटलं नाही. आत पुरात गेलेल्यांची यादी होती, गल्लीवार, वयासकट. साहेबांनी संगणकात दोनदा शोधली. नव्हती.

गाडी रिकामी परत गेली.

साहेबांनी नोंदवहीत लिहिलं, 'दोन पानं चिकटलेली आढळली. सोडवली.'

मावशीने चष्मा लावून वाचलं. "अर्धंच लिहिलंत, साहेब. चिकटवली कुणी ते घाला."

"असू दे हो, मावशी."

"घाला. आणि त्याच्याखाली, सोडवली कुणी तेही."