विनताआत्या आणि तंबूचं छत

विनताआत्याला 'जमेल का?' असं कुणी विचारलेलं खपत नसे. ट्रकांवर चढवायचे कॅनव्हासचे हूड शिवण्यात कारखान्यातली तिची अख्खी हयात गेली. मदन महाल भागातल्या तिच्या गल्लीत तिचं मशीन आणि तिचा गळा, दोन्ही सारखेच दणदणीत. भाची अवंतिकाने तंबूचं विटकं बाहेरचं कापड तिच्यापुढे टाकलं, तेव्हा ठेव तिथे आणि चहा टाक, एवढंच आत्या म्हणाली.

अवंतिकाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. कुंडमच्या जंगलात झाडांच्या पाहणीचं काम मिळालं होतं, भर पावसाळ्यात तंबूत राहायचं. मैत्रिणीने दिलेला तंबू आतून धड होता, पण पाऊस अडवणाऱ्या वरच्या कापडाचा लेप सोलून निघालेला. बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, मुरलीधररावांनी, साफ सांगितलं होतं: एक थेंब आत आला तर जायचं नाही.

आत्याने जुनं कापड उसवलं आणि त्यावरून अवंतिकाने ऑनलाइन मागवलेलं नवं नायलॉन बेतलं. ओढणीसारखं हलकं, सारखं हातातून निसटणारं. आत्या त्याला तोंडभर शिव्या घालत होती, पण टीप अशी सरळ की बघत राहावं.

अंगणात तंबू उभारला, बाबा आत बसले, अवंतिकाने वरून पाइप धरला. थोड्याच वेळात बाबा खांदा पुसत बाहेर आले. मधल्या शिवणीतून पाणी ठिबकत होतं. झालं! अवंतिकाला रडूच फुटलं. बाबा त्या ऑनलाइन मागवलेल्या कापडाला नावं ठेवू लागले.

आत्याने शिवणीवर बोट फिरवलं. सवयीने तिने जाड सुई आणि सुती दोरा लावला होता. कॅनव्हास भिजलं की फुगतं, सुईची भोकं आपोआप बुजतात. हे नायलॉन कसलं फुगतंय!

"कापडाला काहून नावं ठेवून राहिला, मुरली? चूक माझी आहे," ती म्हणाली. "उसवून भागणार नाही, भोकं राहतील. कापतेच."

आणि तिने ती शिवण दोन्ही बाजूंच्या कापडाच्या पट्टीसकट कापून टाकली. जास्तीचं कापड तर नव्हतंच. मग बारीक सुई आली, पॉलिएस्टरचा दोरा आला. टाचणीनेही भोक पडतं, म्हणून कपड्यांचे चिमटे लावले. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून शिवल्या, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं सिलिकॉन ब्रशने शिवणींवर चढवलं. कमी पडलेली रुंदी उरल्यासुरल्या तुकड्यांची झालर लावून भरून काढली. कमरेत कळ येत होती, पण बाई उठेल तर शपथ! चुकलं म्हणायला एवढं काळीज लागतं, हे अवंतिकाने घरात पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला आत्याचा फार अभिमान वाटला.

शिवणी सुकल्यावर तंबू पुन्हा उभा राहिला. आता बाबाच विरघळले होते. ताई, तू केलंस म्हणजे ठीकच असणार, राहू दे, असं म्हणू लागले.

"परवा माझ्या भरवशावरच भिजलास ना?" आत्या म्हणाली. "चलो, बस आत."

या वेळी पाइप तिनेच धरला. अंगणात चिखल होईपर्यंत तिने पाणी सोडलं.

अखेर नळ बंद झाला आणि बाबा बाहेर आले. सदरा कोरडा ठणठणीत. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं आणि मग लेकीला विचारलं,

"कुंडमची बस किती वाजता आहे?"