सहा सूत कमी

त्या मुलीनं दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर आपल्या मॅडमना शिवी लिहिली, ही बातमी आमच्या जिन्याचे तीन मजले एका दुपारीत चढली. शिवी कोणती, यावर मात्र एकमत होईना. पहिल्या मजल्याच्या मते ती मॅडमच्या आईपर्यंत गेली होती. दुसऱ्या मजल्याला एवढं पटेना, त्यांच्या हिशेबी ती एका जनावरापाशीच थांबली. तिसऱ्या मजल्यावर मुलीची आत्या राहते. तिनं शिवी काही सांगितली नाही, पण "लिहिलीच असेल, आमच्या घरात कोणी ऐकून घेत नाही," असं म्हणून बातमीवर शिक्का मारून टाकला.

मुलगी इंटिरिअर डिझाइन शिकत होती. त्यातलं तिसरं वर्ष वर्गात नसतं, एखाद्या ऑफिसात काम करून काढायचं असतं. वर्षभर एक नोंदवही भरायची आणि शेवटच्या पानावर ऑफिसच्या मालकाची सही आणायची. सही नाही, तर वर्ष फुकट. तिच्या बापानं निघतानाच बजावलं होतं, "एक वर्ष देतोय. दुसरं मागायचं झालं तर सामान घेऊनच ये, मग शिकणं बंद." बाप बोलल्याला जागणारा होता. नको तिथे जागणारी माणसं असतात, त्यातला.

आत्याकडे आली त्याच दिवशी तिनं जिना मोजला आणि जाहीर केलं, की सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे. वीस वर्षं आम्ही सगळे त्या पायरीला ठेचकाळून चपलांना दोष देत होतो. उपकार मानायचे सोडून जिन्यानं तिचं नाव 'मोजणी' ठेवलं. कोणी ठेवलं ते विचारू नका.

तिच्या मॅडमबद्दल एखादा बरा शब्द लिहावा म्हणून मी पुष्कळ चौकशी केली. हाती लागलं ते एवढंच, की बाई वक्तशीर होत्या. दहाच्या ठोक्याला यायच्या आणि दहा वाजून एक मिनिटानं कोणाचा तरी पाणउतारा सुरू व्हायचा. मोजणीला त्यांनी पहिले पाच महिने नमुन्यांच्या खोलीत कोंडलं. लॅमिनेटचे तळहाताएवढे शेकडो तुकडे, ते पुसायचे आणि नंबरानं लावायचे. एकदा तिनं ते रंगांच्या छटांप्रमाणे लावले, शोधायला सोपे म्हणून.

"तुला रंग कळतात हे तुला कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं. "आईनं?"

सगळं ऑफिस हसलं. सगळ्यात मोठ्यानं इस्त्री हसला. इस्त्री म्हणजे तिथला मुख्य ड्रॉइंगवाला. हे नाव ऑफिसची कपाटं बनवणाऱ्या सुतारकाकांनी ठेवलेलं, कारण त्याच्या शर्टाला सुरकुती नसायची आणि कोणी मॅडमसमोर उभं राहिलं की हा लगेच तापायचा.

मॅडमची एक बढाई गावभर प्रसिद्ध होती. त्यांचं कपाट आणि भिंत यांच्यात नख जात नाही म्हणे. बाकीचे लोक बोटभर फट सोडतात आणि वरून पट्टी ठोकतात. मॅडमना पट्टी म्हणजे शिवी. "पट्टी म्हणजे माप चुकल्याची कबुली," असं त्या म्हणायच्या, आणि ते ऐकून लोक त्यांच्याकडे यायचे.

सहाव्या महिन्यापासून मोजणीला मापं घ्यायला पाठवू लागले, कारण इस्त्रीला धुळीत जायचा कंटाळा. वर्ष संपत आलं तेव्हा दातांच्या डॉक्टरांचं काम आलं. भिंतीत एक खोल कोनाडा होता, जमिनीपासून छतापर्यंत. त्यात औजारांचं कपाट बसवायचं. हिनं कोनाड्याची रुंदी पुढून घेतली, मधून घेतली आणि आत वाकून मागूनही घेतली. मागे तो सहा सूत अरुंद निघाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांची भाषा. ती तिला कॉलेजात नाही, सुतारकाकांकडून मिळाली होती. तिनं कागदावर तसंच लिहिलं आणि इस्त्रीला दिलं.

"सूत?" इस्त्री म्हणाला. "चरखा घेऊन बसलीयेस का? मिलिमीटरमध्ये दे."

"एकोणीस मिलिमीटर. मागे कमी आहे, सर. पट्टी तरी ठेवा."

"पट्टी! जा, मॅडमना सांग जा. मी बघतो तुझं पुढे काय होतं ते."

ती गेली नाही. सही आठ दिवसांवर आली होती. इस्त्रीनं कोनाड्याचं पुढचं, मोठं माप ड्रॉइंगवर चढवलं आणि तिचा कागद टोपलीत टाकला. मॅडमचा नियमच होता, की सुतारानं जागेवर जायचं नाही, ड्रॉइंग येईल तसं कापायचं. तसं कपाट कापलं गेलं.

मधल्या दिवसांत मोजणीला प्लगची उंची बघायला परत तिथे पाठवलं. तेव्हा तिनं कोनाड्यात शिरून मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या. कपाट नीट बसलं असतं, तर त्या ओळी जन्मात कोणाला दिसल्या नसत्या.

कपाट निम्मं आत गेलं आणि अडकलं.

पुढचं सगळं मला सुतारकाकांनी माझं दार तासताना सांगितलं. डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभे. मॅडमनी क्षणभरही विचार केला नाही. "ही शिकाऊ मुलगी आहे. हिनं माप चुकीचं घेतलं."

"मग शिकाऊ माणसाला माझ्याकडे पाठवलंत कशाला?" डॉक्टर म्हणाले. मग मोजणीकडे वळून, "तुला टेप धरता येत नसेल तर दुसरं काहीतरी शिक, बाई." आणि आत वाट बघणाऱ्या रुग्णाकडे निघून गेले.

सुतारकाकांनी कपाट बाहेर ओढलं, बॅटरी मारली आणि मोठ्यानं वाचलं. मॅडमनी इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्री छताकडे पाहू लागला.

"पूस," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी सांगितलं होतं. सरांना विचारा."

"मी कोणाला काही विचारत नाही. डॉक्टर बाहेर यायच्या आत ते पुसायचं. 'माप माझ्याकडून चुकलं,' असं त्या वहीत लिहून आण. मग सही करते. नाही तर नमस्कार."

सुतारकाका म्हणाले, "राहू दे गं पोरी. मी सांगतो डॉक्टरांना."

"तुम्हाला पुढचं काम नकोय का?" मॅडमनी विचारलं. काकांनी बॅटरी बंद केली. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा रंधा थांबला होता. मी दाराकडे बघत राहिलो.

नोंदवही तिच्या पिशवीतच होती. सही तिथेच झाली, डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्याच पेनानं. कपाट परत कापलं गेलं. मॅडमची बढाई आजही शाबूत आहे.

भिंतीवरचा काळा डाग मात्र कपाट परत बसेपर्यंत दिसत राहिला. ऑफिसात कोणी त्याबद्दल विचारलं, तर इस्त्री डोळे मिचकावून म्हणाला, "पोरीनं मॅडमना घाण शिवी लिहिली होती." तिथून बातमी फुटली आणि जिन्यात पोचली. आत्यानं तिला विचारलं, "काय लिहिलं होतंस गं?" मुलगी म्हणाली, "जाऊ दे ना आत्या." आत्यानं त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला आणि दोन दिवस मान वर करून जिना चढली. मुलीनंही तो अर्थ खोडला नाही.

भिंतीवर शिवी नव्हती. "मागे सहा सूत कमी. सरांना सांगितलं," एवढं लिहून खाली तारीख घातलेली होती. आणि ते तिनंच खोडरबरानं पुसलं.