तिसरं पाकीट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तिठ्यावर कुणी उतरवून टाकलेलं लिंबू उचलून सरबत करणाऱ्यांतली मी. हे लिहितेय ते कुणीतरी साधंसरळ कारण सांगेल या आशेनं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. जुन्या पनवेलला एका न्यूरॉलॉजिस्टच्या क्लिनिकमध्ये बसते. मल्टिपल स्क्लेरॉसिस – म्हणजे एमएस – झालेल्या पेशंट्सची स्मरणशक्ती, लक्ष, विचारांचा वेग तपासणं हे माझं काम. या आजारात पाय लटपटतात ते सगळ्यांना दिसतं, डोकं मंदावतं ते कुणाला दिसत नाही. मग लोक म्हणतात, आळशी झाली.

सुषमाताई (नाव बदललंय) जवळच्या कोन गावच्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामात डिस्पॅचला. यार्डात कुठला ट्रक कुठे उभा आहे हे त्यांना तोंडपाठ असायचं. पण दोनदा भलत्याच ट्रकमध्ये माल भरला गेला आणि मालकानं सांगितलं, रिपोर्ट आणा, मगच टेबलावर बसा. सोबत सासूबाई होत्या. दारातच मला म्हणाल्या, "मॅडम, सून माजी येडी नाय. दमते म्हनून इसरते. तसंच लिवा."

"काय लिहायचं ते टेस्ट ठरवते, मावशी," मी म्हटलं. जरा कडकच.

एका टेस्टमध्ये छत्तीस घरांचा पट असतो. दहा सोंगट्या कुठे आहेत ते कार्डावर थोडा वेळ दाखवायचं, कार्ड झाकायचं आणि पेशंटनं तशाच सोंगट्या मांडायच्या. असं तीनदा. मग दुसऱ्या टेस्ट घेऊन अर्ध्या तासानं पुन्हा मांडायला सांगायचं, या वेळी कार्ड न दाखवता. सुषमाताईंनी आधी बरं केलं. अर्ध्या तासानंतर मात्र दहाही सोंगट्या भराभर मांडल्या, जराही न अडखळता... आणि जवळजवळ सगळ्या चुकीच्या.

"बरोबर ना, मॅडम?" चेहरा फुलला होता त्यांचा. आम्हाला उत्तर सांगता येत नाही. "मस्त, आता चहा घ्या," म्हणून मी त्यांना बाहेर पाठवलं. मला वाईट वाटलं. माणूस चुकतो हे मी रोज बघते, पण इतक्या खात्रीनं चुकलेलं बघवत नाही.

त्या गडबडीत पट आवरायचा राहिला. पुढचा पेशंट फेरतपासणीचा होता. फेरतपासणीला पहिलं कार्ड चालत नाही, थोडंफार लक्षात राहिलेलं असतं. म्हणून संचात तीन वेगवेगळी कार्डं येतात, प्रत्येक सीलबंद पाकिटात. संच घेतल्यापासून दुसरं पाकीट फोडायची माझी ही पहिलीच वेळ. कार्ड काढलं, पटाशेजारी ठेवलं – आणि बघतच राहिले.

सुषमाताईंनी तेच कार्ड मांडलं होतं. दहाच्या दहा सोंगट्या.

मी पट फिरवून पाहिला, पुन्हा मोजलं. त्यांनी ते आधी कुठे पाहिलं असेल? पण ही त्यांची पहिलीच तपासणी. माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं? अहो, मीच ते कार्ड पाहिलं नव्हतं! माझा नवरा गणित शिकवतो. तो म्हणाला, असा योगायोग घडायला एक जन्म पुरणार नाही, तुझं पाकीटच आधी उघडलेलं असणार. पण सील मी माझ्या हातानं फोडलं होतं. आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.

रिपोर्टला यातलं काही कळत नाही. 'जागा लक्षात ठेवण्याची क्षमता कमी' असंच लिहावं लागलं. खाली लिहिलं की काम जमेल, मध्ये विश्रांती द्यावी, ट्रकच्या जागा फळ्यावर लिहाव्यात. मालकानं फळा लावला, नोकरी टिकली. सुषमाताईंना मात्र मी काही सांगू शकले नाही, कारण पुढच्या वेळी त्यांना तेच कार्ड दाखवायचं होतं.

सहा महिन्यांनी त्या आल्या. आता हातात काठी. दुसरं कार्ड दाखवलं, तर ओळखीची कसलीच खूण नाही. अर्ध्या तासानं पुन्हा तसंच... भराभर, खात्रीनं, आणि चूक. या वेळची मांडणी पहिल्या कार्डाची नव्हती, दुसऱ्याचीही नव्हती.

निघताना सासूबाई मागे रेंगाळल्या. "खरं सांगा मॅडम, वाढलाय काय तिचा?"

"बघून सांगते, मावशी," मी म्हणाले. या वेळी कडक बोलता आलं नाही.

या दुसऱ्या वेळच्या पटाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. तिसरं पाकीट खणात आहे, सीलबंद. फोडून फोटोशी ताडून पाहायला मिनिटही लागणार नाही. जुळलं, तर इतकी वर्षं मी नेमकं काय तपासत आले हेच मला कळलेलं नाही, असं होईल. ते मला चालेल. पण नाही जुळलं, तर सुषमाताईंचा आजार वाढलाय, एवढंच.

लिंबाचं सरबत करून पिणारी मी... रोज ते पाकीट हातात घेते आणि परत ठेवून देते. त्यांची पुढची तारीख जवळ आलीय. तेव्हा ते फोडावंच लागेल, त्यांच्यासमोर.