खरातवस्तीचा वीरगळ

दगडाबाई खरात. वय अदमासे सत्तर. राहणार खरातवस्ती, मात्र सदर वस्तीला महसुली गावाचा दर्जा नसल्याने बाई नेमक्या कुठे राहतात याबाबत खुलासा नाही. व्यवसाय शेळ्या. वस्तीवरील ऐतिहासिक स्थळे: बारव एक, वीरगळ एक. पैकी वीरगळास सदर बाई विनापरवाना तेल-शेंदूर लावतात.

लावत होत्या, हे खरं. त्यांचा एकुलता एक मुलगा इंद्रजित फौजेत होता. पहिल्याच रजेवर आला, मिरजेला रेल्वेतून उतरून मित्राच्या मोटारसायकलवर घराकडं निघाला आणि उसाच्या ट्रॉलीखाली गेला. खरातवस्ती ज्या गावात मोडते त्या पळसेवाडीच्या चौकात जवानांच्या नावांचा खांब आहे. त्यावर लेकाचं नाव घाला म्हणून बाई गेल्या, तर सरपंच भाऊसो म्हणाले, "आवं काकू, लढाईत गेल्याली नावं हायती ती. ह्यो रजेवर व्हता."

"रजेवर मेल्यालं माघारी येतंय व्हय?" बाईंनी विचारलं. भाऊसोंनी नियमावर बोट ठेवलं.

मग त्या बारवेवरच्या वीरगळाकडं वळल्या. खाली लढून पडलेला गडी, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढं बसलेला तोच. शेंदराच्या पुटांनी तोंड पार बुजलेलं. त्या बुजलेल्या तोंडात बाईंना हवं ते दिसायचं. "इंद्या, लय ऊन हाय रं आज," म्हणत त्या तेलाचं बोट फिरवायच्या.

"दगडासंगं बोलतीयास व्हय गं?" शेजारची रंगूबाई हसायची.

"माझं नाव तरी काय हाय मग?"

यंदा भाऊसोंना वारशाचा उमाळा आला. वीरगळ ट्रॅक्टरात घालून पळसेवाडीच्या चौकात, त्या खांबाशेजारीच उभा करायचं ठरलं. वस्तीला वाटलं, बाई चाकापुढं आडव्या पडणार. बाईंनी उलट दगडाखाली गोधडी अंथरून दिली. खांबावर नाही तर खांबाशेजारी, लेक अखेर चौकात चालला होता.

सोहळ्याला त्या नवं लुगडं नेसून गेल्या. तज्ज्ञांनी दगड धुऊन-घासून लख्ख केला होता. जतनकार्याबद्दल बाईंना शाल-श्रीफळ मिळालं, टाळ्या झाल्या. मग त्यांनी वाकून पाहिलं. शेंदराखालून भरदार मिशांचा, सुटल्या पोटाचा कुणी पोक्त माणूस निघाला होता.

"ह्यो कोण म्हनायचा?" बाईंनी विचारलं.

"अज्ञात वीर, काकू. तसा फलकच लावलाय."

बाईंनी नारळ त्याच्यापुढं ठेवला, परक्या पाहुण्यापुढं ठेवावा तसा, आणि पदर सावरून वस्तीची वाट धरली.

इंद्रजित एकविसाव्या वर्षी गेला. त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं.