पाटीवरचा हार

ती फुटलेली पाटी आजही डोळ्यांसमोर आहे, आणि आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं की चिडायचं नाही. मी मान डोलावली होती. पण काही गोष्टींवर माणसाने चिडलंच पाहिजे, असं माझं मत आहे.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या तालुक्यात मी पोलीस निरीक्षक होतो. मी मूळचा पाटणकडचा, पावसात कौलं कुजणाऱ्या मुलखातला. इथे मात्र टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. तालुक्यावर कित्येक वर्षं एकाच नेत्याची सत्ता होती. कारखाना, बँक, शाळा, सगळीकडे त्यांचाच शब्द चाले. गावाबाहेर कालव्याच्या तोंडाशी त्यांच्या नावाची काळ्या दगडाची कोनशिला होती. लोक तिला नुसतं 'पाटी' म्हणत, आणि तिच्यावर रोज ताजा हार असे. ती बसली त्या साली जन्मलेल्या मुली लग्नाला आल्या, पण कालव्यात पाण्याचा थेंब आला नाही.

एका उन्हाळ्यात लोकांचा संयम संपला आणि तहसील कचेरीवर मोर्चा निघाला. एवढी माणसं त्या तालुक्यात आहेत, हेच मला त्या दिवशी कळलं. दुकानदारांनी अर्धी शटरं ओढून आतून पाणी वाटलं. गच्च्यांवरून बायका टाळ्या वाजवत होत्या. टेम्पोच्या टपावर उभी राहून एक तेवीस वर्षांची मुलगी बोलली. "तुमची पाटी वाचून आमची तहान भागत न्हाई," एवढं म्हणाली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. मोर्चा शांततेत पार पडला. मी स्टेशन डायरीत तशी नोंद केली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ठाण्यात फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "पाटी फोडलीया. काल सांजच्याला मोर्च्याचा टेम्पो तितं थांबलावता. भाषण करणाऱ्या पोरीला धरा, समदं भाईर येईल." एवढं बोलून फोन बंद झाला.

मी हवालदारांना आणि दोन पंचांना घेऊन जागेवर गेलो. पाटीचे चार तुकडे खाली पडले होते. घाव घणाचे होते. शेजारच्या बाभळीच्या फांदीला पाटीवरचा झेंडूचा हार अडकवलेला होता. हार आदल्या दिवशीचा, जरा सुकलेला, पण एक फूल तुटलेलं नव्हतं. पंचनाम्यात सगळं लिहायची मला सवय आहे, म्हणून हारही लिहिला. त्याचा अर्थ मात्र तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही.

ठाण्यात परतलो तर नेत्यांचे खासगी सचिव फिर्याद घेऊन बसलेले होते. फिर्याद टाइप केलेली, नीट परिच्छेद पाडलेली. पाटी फुटल्याचं मला आठ वाजता कळलं आणि यांचा कागद नऊला तयार. तपासाच्या पहिल्या तासाला मला यायला हवा होता तो संशय तिथेच आला. पण संशय कागदावर लिहिता येत नाही. फिर्यादीत त्या मुलीचं नाव होतं.

आणि माझ्याच टेबलावर त्याच मुलीचा आणखी एक कागद होता. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माझ्या सहीसाठी आला होता. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीच्या गुन्ह्यात तिचं नाव चढलं असतं, तर पहाटे उठून पळण्यात घालवलेली तिची चार वर्षं मातीत गेली असती.

साक्षीदार शोधायला गावात गेलो, आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली ती इथे. काल अख्खा गाव मोर्च्यात होता. आज एकही माणूस मोर्च्यात नव्हता.

"आवं साहेब, आमी कुटला मोर्चा? आमी आटपाडीच्या बाजारात शेरडं घिऊन गेलतो."

"मी तर भनीकडं व्हतो, शिराळ्याला."

आटपाडीच्या बाजारात त्या दिवशी शेळ्यांपेक्षा आमच्या तालुक्यातली माणसंच जास्त असावीत. ज्या दुकानदाराने काल माझ्यादेखत पाणी वाटलं, तो मला म्हणाला, "शटर बंदच व्हतं. काय बगितलंच न्हाई." चहाच्या टपरीवर काल टाळ्या वाजवणारेच आज बोलत होते, "पोरीच्या जातीनं एवढं तोंड सोडू ने. आता भोग म्हणावं." स्वतः कुठे होता हे कुणालाच आठवत नव्हतं, पण ती मुलगी कुठे होती हे झाडून सगळ्यांना पाठ होतं. तिच्यासोबत टेम्पोत दहा-बाराजण होते, तेही फिरले.

मुलीला बोलावून घेतलं. महिला शिपाई शेजारी बसवली आणि वडिलांना दाराशी खुर्ची दिली. मुलगी घाबरली होती, हात मांडीवर घट्ट धरून बसली होती, पण एकदाही खोटं बोलली नाही.

"टेम्पो थांबला होता?"

"व्हय."

"पाटीजवळ गेलीस?"

"गेले. मी तितं व्हते. फोटू काढला आन् निघालो. पाटी धडधाकट व्हती."

"मग फोटो दाखव. हारासकट पाटी दिसत असेल तर तुझाच फायदा आहे."

"दावणार न्हाई, साहेब. त्यात बाकीच्यांची तोंडं दिसत्यात."

मी टेबलावर हात आपटला. "अगं, ते बाकीचे म्हणतायत की आम्ही तुला ओळखतसुद्धा नाही!"

"म्हनू देत. त्यास्नी भ्या वाटतंय. माजं नाव लिवा, त्यांची लिवू नगा."

दारातून वडील हात जोडून उठले. "साहेब, वर्दीसाठी पोरगी उन्हातान्हात पळालीया. तेवडं बगा." मी समोरच्या कागदांत डोकं घातलं, कारण दुपारीच वरून फोन आला होता: नाव घ्या आणि संध्याकाळपर्यंत मोकळे व्हा.

संध्याकाळ व्हायला तासभर उरला होता. त्या दिवशी गुरुवार होता. आमचे हवालदार दर गुरुवारी ठाण्यातली दत्ताची तसबीर पुसायचे. मी वैतागून त्यांच्याकडे बघत बसलो होतो. त्यांनी आधी तसबिरीवरचा वाळलेला हार काढला, कपाळाला लावला, खिडकीच्या गजाला अडकवला आणि मग काच पुसायला घेतली.

मी ताडकन उठलो. ज्याला पाटीचा राग आहे, तो तिच्यावरचा हार कशाला काढून ठेवील? तो हारासकट घण घालील. हार काढून जपून अडकवणारा माणूस त्या पाटीला मानणारा होता.

अशा माणसासाठी फार लांब जावं लागलं नाही. कालव्याच्या पंपघरावर एक म्हातारा पहारेकरी होता, नेत्यांचा जुना कार्यकर्ता. पाटी बसल्यापासून रोज सकाळी तो तिला हार घालायचा. स्टँडवरची फुलवाली म्हणाली, "आज न्हाई आलं तात्या. हार करून ठिवलाय तसाच हाय." रोज न चुकता येणाऱ्या माणसाला त्याच सकाळी हार लागणार नाही, हे कसं कळलं होतं?

म्हाताऱ्याला ठाण्यात आणून चहा दिला. त्याने तो घेतला नाही. मी एकच प्रश्न विचारला, "तात्या, हार का काढून ठेवला?"

म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. "मग काय करू, साहेब? ज्या नावाला इतकी वर्सं हात जोडलं, त्यावर घण घालायचा. चपला बी काढल्या व्हत्या मी."

"कुणी सांगितलं?"

त्याने सांगितलं. मोर्च्याच्या रात्री कोणाच्या बैठकीत ठरलं, कोण काय म्हणालं, सगळं सांगितलं. पाटी फुटली की पोरं आत जातील, मोर्चा मोडेल, असा हिशेब होता. म्हातारा म्हणाला, "म्या फोडली, साहेब. मी न्हाई कशाला म्हनू?"

मी वरिष्ठांना फोन लावला. आवाज चढवूनच बोललो.  मला समजुतीच्या सुरात सांगण्यात आलं की मुलीचं नाव काढा, म्हाताऱ्याचंही घेऊ नका, 'अज्ञात इसम' लिहा आणि प्रकरण मिटवा. शेवटी एक प्रश्न आला. "हे कुणी करायला लावलं, ते तुम्हाला काही समजलंय का?"

मी म्हणालो, "नाही सर."

म्हाताऱ्याचा जबाब कागदपत्रांत लावला नाही. मुलीच्या फॉर्मवर 'काहीही आक्षेपार्ह नाही' असं लिहून सही केली आणि मोठं काम केल्यासारखं हाश्श केलं. महिन्याभरात त्याच जागी नवी पाटी बसली, पहिलीपेक्षा मोठी. त्याच टेम्पोंतून तीच माणसं समारंभाला आली आणि त्यांनी तशाच टाळ्या वाजवल्या. बंदोबस्त माझाच होता. म्हातारा गर्दीच्या मागे उभा होता, पायात चपला घालून. नव्या पाटीला हार दुसऱ्याच कुणीतरी घातला. कालवा कोरडाच होता.

मागच्या वर्षी साताऱ्यात एका लग्नात ती मुलगी भेटली. आता हवालदार आहे. वाकून नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली आणि जाता जाता विचारलं, "सर, ती पाटी कुणी फोडली, ते शेवटी कळलं का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही गं. अज्ञात."

ती हसून पंगतीकडे गेली. मी मात्र न जेवताच निघालो. गावातल्या लोकांवर मी इतकी वर्षं तोंडसुख घेत आलो, की काल होते आणि आज नाहीत म्हणतात. त्या अख्ख्या प्रकरणात 'होय, मी तिथे होतो' असं म्हणणारी दोनच माणसं मला भेटली. एक निर्दोष मुलगी आणि एक दोषी म्हातारा. तिसरं माणूस मी असायला हवं होतं. माझ्या अंगावर वर्दी होती, कमरेला पिस्तूल होतं, आणि मला साधं 'होय' म्हणता आलं नाही.

इथेही मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. अशा आठवणींत नावं लिहीत नाहीत, असा रिवाज आहे, आणि तो मला फार सोयीचा पडला आहे. पण पोरी, हे तुझ्या वाचनात आलं तर एवढं समज: मला ठाऊक होतं. त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, मला सगळं ठाऊक होतं.