खिरणीखाली बनवलेलं अत्तर

जुन्या नांदेडात आमचं अत्तराचं दुकान आहे, अब्बांच्याही आधीपासूनचं. महिन्यातून एखादा तरी येऊन हळूच विचारतो, "चाचा, जिन्न पळवायला कोणतं अत्तर लावू?" मी सगळ्यात महागडी शीशी पुढे करतो. जिन्नांशी माझा संबंध एवढाच! या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवही मी आजवर चहासोबत फरसाण खावं तसे वाचत आलो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय... पण लिहितो.

करोनातून मी वाचलो, पण माझा वास गेला. इतरांचा महिना-दोन महिन्यांत परत आला, माझा चार वर्षं झाली तरी नाही. नाक-कान-घशाचे दोन डॉक्टर झाले. दोघांनी "वाट बघा" म्हणून सांगितलं. हे फक्त माझ्या बायकोला, शबानाला माहीत होतं. अत्तरवाल्याला वास येत नाही हे गिऱ्हाइकाला कळलं तर दुकानात कोण येणार? शीश्यांवर नावं होती आणि हातांना सवय होती. गिऱ्हाइकाच्या मनगटावर अत्तराची काडी टेकवायची, त्याचा चेहरा फुलला की आपणही "वाह" म्हणायचं. चार वर्षं मी असा नुसता अभिनय केला.

गेल्या उन्हाळ्यात लातूरहून अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे डाळीचे जुने व्यापारी, लिंगायत, अब्बांचे जिगरी दोस्त. त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नात दारात पाहुण्यांना अत्तराचा फाया देतात, म्हणजे अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा. ते अत्तर अब्बा खास त्यांच्यासाठी बनवायचे. हिना, खस, चंदन आणि नावापुरता केवडा. प्रमाण कुठेही लिहिलेलं नाही, कारण अब्बा वजनानं नाही, नाकानं बनवायचे. त्यांच्यानंतर मीही तसंच.

"नातीचं लगीन हाय, रहीम. त्येच अत्तर पायजे. दुसरं न्हाई चालायचं," अप्पा म्हणाले.

मी हो म्हणून बसलो. तीनदा अंदाजानं बनवलं. तिन्ही वेळा शबानानं वास घेतला आणि मान हलवली. चौथ्या वेळी मी दुकानाचं शटर ओढलं आणि नुसता चालत सुटलो.

आमच्याकडून नदीकडे जाताना पाण्याच्या टाकीमागे एक लहानशी बाग आहे. दोन घसरगुंड्या, चार बाक, आणि मधोमध खिरणीचं झाड. निजामाच्याही आधीचं आहे म्हणतात, खरं-खोटं कुणाला ठाऊक. पण काय झाड आहे! तिघांच्या कवेत न मावणारं काळपट खोड, आणि पानं इतकी दाट की वैशाखातल्या भर दुपारी खाली ऊन उतरत नाही. आजूबाजूला सगळं सिमेंट झालं, चार-चार मजले चढले, आणि हे आपलं दर उन्हाळ्यात पिवळ्या खिरण्यांनी लगडतंय... मला तर त्याच्यासमोर उभं राहिलं की आपोआप चप्पल काढावीशी वाटते.

त्या दुपारी मी बुंध्याला टेकून बसलो. कानात सवयीनं ठेवलेला गुलाबाचा फाया होता. पाचेक मिनिटं गेली असतील, आणि गुलाब आला.

आधी वाटलं, भास आहे. मग माझ्याच शर्टाचा घाम आला, साबण आला, कुठूनतरी फोडणीचा लसूण आला. लसणाच्या वासावर मी ढसाढसा रडलो, हे सांगायला आता लाज नाही. बागेची झाडलोट करणाऱ्या सुमनबाई खराटा टाकून धावत आल्या.

"काय झालं चाचा? काऊन रडून राहिले?"

"वास येतोय," मी म्हणालो.

"न्हाई वो," त्या इकडंतिकडं हुंगत म्हणाल्या, "सकाळीच झाडलं की सगळं."

आनंदात मी दुकानाकडे निघालो. फांद्यांचा घेर संपला आणि वास बंद! मागे फिरलो, परत चालू. दहा वेळा करून पाहिलं. मला वाटलं सावलीचा काही प्रकार असेल, पण ऊन कललं, सावली सरकली, वासाची हद्द मात्र फांद्यांखालीच राहिली.

दुसऱ्या दिवशी शबानाला घेऊन गेलो. तिनं अकरा शीश्यांची नावं कागदानं झाकली आणि मला डोळे मिटायला लावले. फांद्यांबाहेर एकही ओळखता आली नाही. झाडाखाली अकराच्या अकरा बरोबर! शबाना शीश्या पिशवीत भरता भरता मुसमुसायला लागली. मी म्हटलं, "अब तू कायकू रो रही?" तर म्हणे, "तुम चुप बैठो जी."

मग तीन दुपारी मी झाडाखाली बसून अप्पांचं अत्तर बनवलं. सुमनबाई दुरून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "लई मानी झाड हाय चाचा हे. कुनी दगड मारला तर खिरन्या देत न्हाई, आन् बसनाऱ्याला मागायची गरज न्हाई." तिसऱ्या दिवशी शेवटचा थेंब पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब अब्बांचं अत्तर... ते शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं.

अप्पा स्वतः न्यायला आले. दुकानात मी त्यांच्या मनगटावर काडी टेकवली. त्यांनी डोळे मिटले आणि मनगट पुन्हा नाकाशी नेलं.

"हे तुझ्या अब्बाचं न्हाई," ते म्हणाले.

मी तिथंच सगळं सांगून टाकलं, गेलेला वास, चार वर्षांचं खोटं, खिरणी, सगळं. अप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "आरं, पुरतं ऐक तर. तुझ्या अब्बाचं हायेच ह्यात. वरून आनखी कायतरी हाय. लई गोड. काय घातलास?"

मी काहीच घातलं नव्हतं. शबानाला विचारलं, तिलाही तो जास्तीचा वास येत होता. तिघं रिक्षा करून बागेत गेलो. झाडाखाली शीशी उघडली. अप्पा हुंगत राहिले आणि गोंधळले. तिथं तो जास्तीचा वास नव्हताच, फक्त अब्बांचं अत्तर. फांद्यांबाहेर चार पावलं आलो आणि अप्पा ओरडले, "आला बघ!"

मला अर्थातच काही येत नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं, ते हसून म्हणाले, मनाचे खेळ. असतीलही. पण मग माझ्या मनाचा खेळ अप्पांच्या नाकाला कसा कळला? आजही मी रोज दुपारी बागेत बसतो, दुकानाचं सगळं मिश्रण तिथंच करतो. मी सगळ्यांना खरं सांगून टाकलंय, आणि गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. उलट लोक "ते खिरणीवालं" मागतात. उलगडा मात्र अजून झालेला नाही, आणि मी आता शोधतही नाही.

लग्नात अप्पांनी दारातच मला धरलं आणि माझ्याच अत्तराचा फाया माझ्या कानात खोचला. मी म्हटलं, "अप्पा, मला काय उपयोग? तुम्हीच सांगा ना, कसा आहे तो वास?"

दारात पाहुण्यांची रांग थांबली होती. अप्पांनी माझा हात धरून मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी बसले, डोळे मिटले, आणि आयुष्यभर फक्त तुरीचे भाव सांगितलेला तो माणूस शब्द शोधत शोधत मला सांगायला लागला.